डीजेच्या सरावाचं वेळापत्रक

माणसाने जेवताना मत देऊ नये. घास घशाखाली उतरतो, मत उतरत नाही. ते ताटाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या लक्षात राहतं, आणि मेहुणा बसलेला असेल तर आमच्या हिच्या सगळ्या माहेराच्या लक्षात राहतं. हे ज्ञान मला निवृत्त झाल्यावर झालं, एका मंगळवारी, दुपारी सव्वा वाजता.

आमची मुलगी डीजे आहे. लोकांच्या मुली काय करतात ते एका शब्दात सांगता येतं. मलाही दोन अक्षरं पुरतात, पण पुढची दहा मिनिटं खुलाशात जातात. ती दर शनिवारी-रविवारी लोकांच्या समारंभात गाणी वाजवते आणि बाकीचे दिवस सकाळी नऊ ते बारा मागच्या खोलीत सराव करते. या सरावाचं वैशिष्ट्य असं, की त्याचा आवाज येत नाही. ती कानाला हेडफोन लावते, दोन तबकड्यांच्या यंत्रासमोर उभी राहते आणि मधली एक दांडी सरकवते. दारातून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: एक धडधाकट मुलगी तीन तास एका डब्याला होकार देत उभी आहे.

तर त्या मंगळवारी मी म्हणालो, "गाणं एकाने लिहिलं, दुसऱ्याने गायलं, वाजवलं तिसऱ्याने. तू फक्त एक संपलं की दुसरं लावायचं. त्याला सराव कसला?"

मेहुण्याचं ऑफिस जवळच असल्यामुळे तो मंगळवारी आमच्याकडे जेवतो. तो म्हणाला, "भावोजींचं अगदी बरोबर आहे." त्याला माझं कधीच बरोबर वाटत नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. त्याच्या विमा कंपनीत एक जागा रिकामी होती आणि तिथे भाचीला चिकटवावं, असा त्याचा सहा महिन्यांचा ध्यास होता. खरं सांगायचं तर माझाही होता. विमा कंपनी म्हटलं की खुलासा करावा लागत नाही.

मुलीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "किती लागतो, बाबा?"

"काय?"

"सराव. तुमच्या हिशेबाने."

मी उभं आयुष्य बस वाहतुकीच्या वेळापत्रक विभागात काढलं आहे. किती वेळ लागतो, हा प्रश्न मला विचारणं म्हणजे सोनाराला कस विचारणं. "रोज दोन तास, चाळीस दिवस," मी म्हणालो. "त्यात न येण्यासारखं जगात काही नाही."

"मग तुम्ही करा. लिफ्टच्या कार्यक्रमात अर्धा तास वाजवा. गाणं मधे तुटलं नाही आणि नाचणारे थांबले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी मामाच्या कंपनीत मुलाखतीला जाते. घेतलं तर नोकरी करते. तुटलं, तर 'सराव कसला' हा प्रश्न या घरात परत विचारायचा नाही."

आमच्या इमारतीला दोन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर लिफ्ट मिळत होती. तिच्या उद्घाटनाला बरोबर एक्केचाळीस दिवस होते. मेहुण्याने तिथल्या तिथे फोन लावून मुलाखत त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठरवली. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, भात निवतोय." तेवीस वर्षं फाइलींवर शेरे मारले, पण इतका नेमका शेरा मला कधी जमला नाही.

पहिल्याच दिवशी कळलं की चष्मा आणि हेडफोन यांचं एका कानावर जमत नाही. हेडफोन लावला की चष्मा कपाळावर चढतो आणि चष्मा बसवला की हेडफोन गळ्यात उतरतो. मी यंत्र दिवाणखान्यात आणून स्पीकर लावला. वीस मिनिटांत तीनदा बेल वाजली. तिसऱ्यांदा दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांच्या अंगावर बनियन असलं तरी चेहऱ्यावर कायम कोट असतो.

"परवानगी घेतली आहे का?"

"सरावाला परवानगी?"

"आवाजाला." त्यांनी छापील अर्ज पुढे केला. त्यात तीनच प्रकार होते: घर बदलणे, दुरुस्ती, आणि पाळीव प्राणी. आम्ही दोघांनी बराच वेळ अर्जाकडे बघितलं.

"पाळीव प्राण्यात बसेल?" मी विचारलं.

"लसीकरणाचा दाखला लागतो. दुरुस्तीत टाकतो."

अशा रीतीने मला 'अंतर्गत दुरुस्ती, ठोकाठोकीसह' या सदराखाली संगीताची परवानगी मिळाली. वेळ दुपारी चार ते सहा. अटी दोन. राडारोडा त्याच दिवशी हलवणे, आणि काम करणाऱ्याने मागचा जिना वापरणे. पहारेकरी अटींचा पक्का. चार ते सहाच्या दरम्यान मी खाली गेलो की तो मला पुढच्या जिन्यावरून परत पाठवायचा. "साहेब, तुम्ही आत्ता कामगार आहात," तो म्हणायचा, आणि सहा वाजून एक मिनिटाने सलाम करायचा.

आता मिक्सिंग म्हणजे काय, ते वाचकांना सांगितलं पाहिजे. मला ते बसच्या भाषेत लगेच समजलं. पहिलं गाणं ही एक बस, दुसरं गाणं ही दुसरी. दोन्ही काही काळ शेजारी शेजारी, एकाच वेगाने धावल्या पाहिजेत. मग प्रवाशांना धक्का न लागू देता या बसमधून त्या बसमध्ये घालायचं आणि पहिली बस गुपचूप आगारात न्यायची. मी ही उपमा मोठ्या उत्साहाने मुलीला सांगितली.

"छान आहे," ती म्हणाली. "तुमच्या बस वेळेवर यायच्या?"

मी विषय बदलला.

सराव किती करावा, याबद्दल मात्र शेजाऱ्यांची मतं पक्की होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई म्हणाल्या, "सराव तासांत मोजत नाहीत, जन्मांत मोजतात. हा तुमचा कितवा?" समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "सकाळी दोन मिनिटं, झोपताना दोन मिनिटं. पण खंड नको. आणि फार जोरात घासू नका." त्यांनी हे ऐकून न घेता सांगितलं असावं, अशी मला शंका आहे. सेक्रेटरींचं मत असं, की सराव नियमात बसेल तेवढाच करावा आणि उरलेला पुढच्या आर्थिक वर्षात घ्यावा.

बाराव्या दिवशी दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. हाताला सिमेंट, कानामागे पेन्सिल. आमच्या डोक्यावरच्या चौथ्या मजल्यावर न्हाणीघराच्या फरश्या बदलणं चाललं होतं, त्याचे ते कारागीर.

"काका, राग मानू नका. रोज चार वाजून वीस मिनिटांनी खाली काय पडतं?"

"पडत नाही. ते माझं मिक्सिंग आहे."

"असं होय. मला वाटलं कपाट." ते उंबऱ्यात उकिडवे बसले. "परत पाडा बघू."

मी वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "दुसरं गाणं अर्धा ठोका मागे बसतंय. मधे पोकळी राहते." मग थापीच्या मुठीने त्यांनी आमच्या दिवाणखान्यातल्या फरशीवर टकटक केलं. "ही भरीव. ऐकलंत? आता ही. ही पोकळ. ही पण. ती कोपऱ्यातली तर नुसती ठेवलेली आहे."

स्वयंपाकघरातून ही बाहेर आली. "कुठली कुठली पोकळ आहे?" पुढची वीस मिनिटं सराव बंद पडला आणि आमच्या घरात सात फरश्या बदलायच्या निघाल्या. संगीताने घरं उद्ध्वस्त होतात ते ऐकून होतो, पण ते फरशीपासून सुरू होतं याची कल्पना नव्हती.

जाताना मी त्यांना विचारलं, "हे असं ऐकू यायला तुम्हाला किती वेळ लागला?"

"ऐकायला नाही लागला. स्वतः वाईट बसवलेल्या फरश्या स्वतःच उखडायला लागला. आठ वर्षं." ते जिना चढू लागले. मागचाच जिना. आम्ही दोघे आता एकाच वर्गातले होतो.

खरं तर हा माणूस मला फुकटात सगळं सांगून गेला होता. पण मी पडलो शिकलेला. शिकलेल्या माणसाला कान दिसला की तो कागद काढतो. मी त्या रात्री आठ गाण्यांचं वेळापत्रक आखलं. रकाने पाच: गाणे, सुटण्याची वेळ, दांडी सरकवण्यास प्रारंभ, दांडी पूर्ण सरकल्याची वेळ, शेरा. कार्यक्रम सात वाजता होता. म्हणून पहिलं गाणं सुटणार सात वाजता, दांडीला हात सात वाजून तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांनी. कान लावायची गरजच नाही. घड्याळ बघायचं आणि ढकलायचं. असंच वेळापत्रक हातात घेऊन शेकडो चालक रोज सुटत, आणि त्यातले काही पोचतही असत.

अडचण एकच होती. सराव चार वाजता आणि वेळापत्रक सातचं. त्यावर मी तोडगा काढला. रोज चार वाजता भिंतीवरचं घड्याळ तीन तास पुढे करायचं, आणि सहाला मागे. पहिल्या दोन दिवसांत हिने रात्रीची रक्तदाबाची गोळी दुपारी घेतली, आणि मी एकदा घड्याळ मागे करायला विसरल्यामुळे मेहुणा पुढच्या मंगळवारी सव्वा चार वाजले समजून न जेवता परत गेला. ही नुसती म्हणाली, "एवढा एक उपयोग झाला."

तिसाव्या दिवसापर्यंत माझं वेळापत्रक बऱ्यापैकी चालू लागलं. निदान वरून कोणी कपाटाची चौकशी केली नाही. मी हजेरीपट ठेवला होता. चाळीस दिवस, दोन तास, एकही खाडा नाही. मुलीने एकदा तो बघितला. "आणि यात किती वेळ ऐकलंत?" असं विचारलं. हजेरीपटात तसा रकाना नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी गाड्या लावायच्या जागेत माळा सोडल्या होत्या. लिफ्ट ज्या खोक्यांतून आली ती खोकी एकावर एक रचून माझ्या टेबलासमोर आडोसा केला होता. मी सहा पन्नासला जागेवर होतो. खांबाला टेकून मुलगी उभी होती, हातात जादा वायरीचं भेंडोळं.

अध्यक्ष बोलायला उठले ते सात वाजता. त्यांनी लिफ्टचा इतिहास पहिल्या पत्रापासून घेतला. सात वाजून वीस मिनिटांनी ते दुसऱ्या स्मरणपत्रापर्यंत आले होते. मग फीत कापली आणि पहिली फेरी म्हणून अध्यक्ष आणि सेक्रेटरी टाळ्यांच्या गजरात वर गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट थांबली. आतून सेक्रेटरींचा आवाज आला, "कोणी घाबरू नका." खाली कोणीच घाबरलं नव्हतं. लिफ्टच्या कारागिराला बोलावून त्यांना बाहेर काढेपर्यंत सात सत्तेचाळीस झाले. केस विंचरून सेक्रेटरी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चला, करा सुरू. विलंबाने होत आहे."

माझ्या वेळापत्रकाप्रमाणे या क्षणी शेवटचं गाणं संपून सतरा मिनिटं झाली होती.

मी गोंधळलो नाही. मनगटावरचं घड्याळ सातवर आणलं की झालं. महिनाभर घड्याळं फिरवून माझा हात त्यात तयार झाला होता. मी चावी ओढली. ती ओढलीच गेली. घड्याळ मनगटावर, चावी चिमटीत, आणि समोर पन्नास माणसं एक पाय पुढे टाकून उभी.

मग मी बेरीज करायचं ठरवलं. सात वाजून तीन मिनिटं बेचाळीस सेकंद अधिक सत्तेचाळीस मिनिटं. घरी बसून कोणीही करेल. पण इथे गाणं सुरू झालं होतं, दातांचे डॉक्टर नाचू लागले होते, गायनाच्या बाई कोणाला दिसणार नाही अशा बेताने मान हलवत होत्या. माझी बेरीज दोनदा वेगवेगळी आली. तिसऱ्यांदा मी देवाचं नाव घेतलं आणि दांडी ढकलली.

दोन बस एकाच थांब्यावर समोरासमोर आल्या. असा आवाज मी आमच्या आगारात ऐकला होता, त्यानंतर चौकशी समिती नेमली होती. डॉक्टरांचा पाय हवेत थांबला.

आणि माझ्या डाव्या काखेखालून एक हात आला. त्याने तबकडीला टिचकीइतका धक्का दिला, दांडी जराशी मागे घेतली, काही क्षण थांबला, आणि मग अशी पुढे नेली की दुसरं गाणं पहिल्याच्या पोटातूनच उगवावं. डॉक्टरांचा पाय खाली आला तो ठेक्यावर.

"डावा हात खाली घ्या, बाबा," मुलगी कानाशी म्हणाली. खोक्यांच्या आडोशाला ती खाली वाकून बसली होती. "उजवा वर करा. लोकांना बरं वाटतं."

मी उजवा वर केला. लोकांना बरं वाटलं. असं सात वेळा झालं. दर वेळी मी वर हात करायचो आणि खालचा हात काम करायचा. सरकारी नोकरीत मी हे लांबून पुष्कळ बघितलं होतं, स्वतः वरचा हात व्हायची संधी पहिल्यांदाच मिळत होती.

"मी कुठे चुकणार ते तुला कसं कळतं?" पाचव्या वेळी मी ओठ न हलवता विचारलं.

"भिंत पातळ आहे. चाळीस दिवस तिथेच चुकताय."

"मग चुकू द्यायचं. पैज जिंकली असतीस."

ती पुढचं गाणं शोधत होती. "ते लोक नाचतायत ना," ती म्हणाली. "त्यांना कशाला थांबवायचं?"

अर्धा तास झाला. टाळ्या पडल्या. मेहुणा खोक्यांपलीकडून ओरडला, "भावोजी, जिंकलात. उद्या अकरा वाजता." सेक्रेटरींनी आभाराचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला. मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण टाळ्या चालू असताना बोलणं असभ्य दिसतं, आणि टाळ्या थांबेपर्यंत मला त्यांची सवय झाली होती.

सकाळी सात वाजता उठून बघतो तो मुलगी दिवाणखान्यात इस्त्री करत होती. निळा कुर्ता, मुलाखतीचा. तिने मान वर केली नाही. मी दूध आणायला खाली गेलो. पहारेकऱ्याने पुढच्या जिन्यावर सलाम केला. डॉक्टर म्हणाले, "काल काय हात चालत होता तुमचा." गायनाच्या बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "मी चुकले. हा तुमचा शेवटचा जन्म असणार." पिशवीतलं दूध अर्धा लिटरच होतं, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत ते मला नेववेना.

आठ वाजता ती डावी बाही करत होती. साडेआठला उजवी. मी वर्तमानपत्र उघडलं. बातम्या सगळ्या इतरांच्या होत्या. नऊला ती परत डाव्या बाहीवर आली. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या हातात काहीही नव्हतं. बायको रिकाम्या हाताने उभी राहिली की समजावं, काम आपल्याकडे आहे.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी वर्तमानपत्राची घडी केली. "काल मी काहीच वाजवलं नाही."

"हं," मुलगी म्हणाली.

"सगळं तू वाजवलंस."

"हं."

"म्हणजे मी हरलो. मुलाखतीला जायचं कारण नाही. मामाला मी सांगतो."

तिने कुर्ता उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"एका कुर्त्याला दोन तास?" मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"इस्त्री सात वाजताच बंद केली होती. हात लावून बघा, गार आहे. तुम्हाला किती वेळ लागतो ते बघत होते."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"गेले असते. पैज ती पैज." तिने मागच्या खोलीकडे जाताना वळून बघितलं. "आईने साडेआठ सांगितली होती वेळ. तिला वाटलं होतं तुम्ही जरा लवकर याल."

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही हरलात तरी मला पटवून हरता." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मग मी सेक्रेटरींकडे गेलो आणि झाला प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून इतिवृत्ताची वही काढली.

"आभार नोंदवून झाले आहेत. ते मागे घेता येत नाहीत."

"पण ते चुकीच्या माणसाचे आहेत."

"मग हस्तांतर करावं लागेल. लेखी अर्ज द्या. ज्यांना द्यायचे त्यांची हरकत नसल्याची सही लागेल."

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. विषय: काल मिळालेल्या टाळ्या योग्य व्यक्तीच्या नावे करण्याबाबत. झाली ती हकिकत क्रमाने लिहिली, खालचा हात कोणाचा ते ठळक लिहिलं, आणि प्रत सूचनाफलकावर लावावी अशी विनंती केली. इतक्या वर्षांच्या लिखापढीत मी स्वतःविरुद्ध इतका मुद्देसूद कागद कधी केला नव्हता. सेक्रेटरींनी एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि सहीसाठी कागद परत दिला.

मी तो घेऊन मागच्या खोलीच्या दारात गेलो. मुलगी यंत्रासमोर उभी होती. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. कालचीच दोन गाणी असावीत, कारण दांडी नेमकी माझ्या पहिल्या चुकीच्या जागी होती. तिने ती पुढे नेली, मान हलवली, पूर्ण मागे आणली आणि परत सुरुवात केली. मला ते कालच्याइतकंच चांगलं झालं असेल असं वाटत होतं. तिला वाटत नव्हतं.

मी कागद पुढे केला. तिने न बघता एक बोट वर केलं, थांबा म्हणून.

मी थांबलो. एकोणीस मिनिटं लागली. ती मात्र मी कुठे लिहून ठेवली नाहीत.